गाठ साधी निघाली, तरी डोक्यातून जात नाही? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. अंगावर कुठेतरी गाठ आहे, डॉक्टरांनी बघून "काही नाही, साधी आहे" म्हणून घरी पाठवलंय, सोनोग्राफीचा रिपोर्ट कपाटात साड्यांखाली पडलाय, आणि तरीसुद्धा रात्री दिवा मालवला की बोट आपोआप तिथेच जातं. मग दुसरी बाजू चाचपायची, मग मान, मग काख, मग मोबाईल, आणि दीड वाजता डोळे टक्क उघडे. महिनोन्‌महिने असं चाललं असेल तर ही भीती हाच तुमचा आजार आहे आणि त्याच्यावर उपाय आहेत. माझ्या हातावर चरबीची गाठ आहे आणि जबड्याखाली एक लिम्फ नोड (जंतूंशी लढणारी बारीक ग्रंथी) कायमची हाताला लागते, दोन्ही माझ्याबरोबर कित्येक वर्षं राहतायत, त्यामुळे खाली जे आहे ते अर्धं डॉक्टरांकडून शिकलेलं आणि अर्धं स्वतः वापरून बघितलेलं.

ज्यांनी अजून कोणालाच दाखवलं नाहीये त्यांनी पहिली पायरी वाचून फोन खाली ठेवा आणि दाखवून या, मग बाकीचं वाचा.

पायरी १: दाखवा, पण एकदाच आणि नीट

"मनाचे खेळ आहेत" असं स्वतःच ठरवून गाठ दाखवायचीच नाही, हे चालणार नाही. आधी माणसाने बघायला हवं, म्हणजे हाताने दाबून बघणारा डॉक्टर. तुमचे घरचे डॉक्टर किंवा गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र इथून सुरुवात करा, त्यांना गरज वाटली तर ते सर्जनकडे पाठवतील. आमच्या गोव्यात उत्तरेकडचे लोक म्हापशाला आझिलो इस्पितळात जातात, दक्षिणेकडचे मडगावला (जिल्हा इस्पितळ म्हणा नाहीतर अजून तोंडात बसलेलं हॉस्पिसियो म्हणा), आणि पुढचं काही असेल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) आहेच. ओपीडीत गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, सोबत कोणी शांत माणूस न्या. बडबड करून आणखी घाबरवणारी मावशी नको.

कुठल्या गाठी लवकर दाखवायच्या? टणक लागणारी, हलवली तरी जागची न हलणारी, आठवड्या-आठवड्याला वाढणारी. ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा खोल स्नायूत असल्यासारखी. हासळीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात आलेली, ही तर लहान असली तरी दाखवायचीच. मानेतली, जी तीन आठवड्यांनंतरही तशीच आहे. स्तनातली कुठलीही नवीन गाठ, वृषणातली कुठलीही नवीन गाठ, इथे वाट बघायची नाही. आणि गाठीसोबत बरेच दिवस ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, काही न करता वजन उतरणं, असं असेल तर त्याच आठवड्यात जा. आपल्याकडे मानेतल्या गाठींमागे टीबीही बऱ्यापैकी निघतो, तो औषधाने बरा होतो पण औषध सुरू व्हायला हवं ना. तंबाखू, गुटखा, मशेरी असेल तर तोंडातली तीन आठवडे न भरणारी जखमसुद्धा ह्याच यादीत धरा.

आता डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोलायचं. आपण काय करतो, गाठ दाखवतो, डॉक्टर "लायपोमा आहे, चरबीची गाठ, काळजी करू नका" म्हणतात, आपण मान हलवतो आणि पार्किंगमध्ये स्कूटरला चावी लावेपर्यंत शंका सुरू, नीट बघितलं का, घाईत होते का, मी ती दुसरी गाठ सांगितलीच नाही. म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या: सगळ्या गाठी कुठे कुठे, कधीपासून. आणि तीन प्रश्न विचारा. हे नक्की काय आहे? काय बदललं तर मी परत यायचं? आणि तसं काही बदललं नाही तर पुढच्या वेळी कधी दाखवायचं, की दाखवायचंच नाही? उत्तरं त्यांच्याकडून केस पेपरवर लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर दोन ओळी लिहून देतात, वेळ नसेल तर तुम्ही तिथेच बसून त्यांच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा.

आणखी एक, हे मला उशिरा कोणीतरी सांगितलं: "डॉक्टर, मला ह्या गोष्टीची फार भीती वाटते, मी दिवसातून खूप वेळा हात लावून बघते" हे सरळ सांगा. लपवलं की ते नुसत्या गाठीबद्दल बोलतात आणि तुमचा खरा त्रास खोलीतच येत नाही.

सोनोग्राफी किंवा सुईची टेस्ट (एफएनएसी) त्यांनी सांगितली तर करा. नाही सांगितली तर मागून मागून करून घेऊ नका. आज प्रायव्हेटमध्ये पैसे मोजले की कोणीही सोनोग्राफी करून देतं, आणि प्रत्येक सोनोग्राफीत काहीतरी बारीक सापडतंच, मग त्याची नवी काळजी.

पायरी २: अंगात मुळातच काय काय असतं ते माहीत करून घ्या

हे एकदाच वाचायचं, रोज पाठ करायला नाही. पण एकदा तरी वाचाच, कारण आपल्यातल्या अर्ध्या लोकांना जी "गाठ" सापडलेली असते तो त्यांचाच जन्मापासूनचा अवयव असतो.

छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, पोट सुरू होतं तिथे, टणक लागतं. तो भाग तरुणपणी कुर्चेचा असतो आणि साधारण चाळिशीच्या आसपास हाडासारखा कडक होत जातो, त्यामुळे लोकांना तो अचानक "आला" असं वाटतं. थोडं वजन कमी केलेल्यांना तर हमखास. डोक्याच्या मागे मधोमध हाडाचा उंचवटा असतो, कानामागे असतो. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात, पन्नाशीनंतर त्या थोड्या खाली उतरल्यासारख्या लागतात. गळ्यात घाटीच्या वर एक लहान हाड असतं, ते बोटाने इकडून तिकडे सरकतं, आणि त्याची टोकं लागली की माणूस घामाघूम. टाळूच्या मधोमध काही जणांना हाडाचा फुगवटा असतो, वर्षानुवर्षं असतो, आणि तो जिभेला एक दिवस अचानक "कळतो". जीभ बाहेर काढून आरशात टॉर्च मारली तर मागच्या बाजूला मोठे मोठे दाणे रांगेत दिसतात, आठ ते बारा असतात, प्रत्येकाला असतात. ती टॉर्च मारू नका एवढंच सांगेन.

लिम्फ नोड हा तर आपल्या मंडळींचा लाडका विषय. शरीरात सुमारे ६०० असतात. मानेतली एक सेंटीमीटरपर्यंतची, जांघेतली दीड सेंटीमीटरपर्यंतची, मऊसर किंवा रबरासारखी, हलणारी नोड ही बहुतेक वेळा काहीच नसते, बारीक अंगाच्या माणसाला तर सहज हाताला लागते. घसा बसला, दाढ किडली, डोक्यात कोंडा झाला, की मानेतल्या फुगतात. पावसात चिखलातून चालून पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्या खाजवून फुटल्या, की जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) येतं, हे आजीला ठाऊक होतं आणि तिने कधी गूगल केलं नव्हतं. नोड उतरायला कित्येक आठवडे लागतात आणि काही नोड बारीक होऊन कायमच्या तशाच राहतात. माझी जबड्याखालची अशीच एका दाढेची आठवण आहे, दाढ कधीच काढून झाली.

चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, लोक आवाळू म्हणतात: मऊ, दाबली की कातडीखाली सरकते, दुखत नाही, हळूहळू वाढते, शंभरातल्या साधारण एकाला असते, काही घराण्यांत सगळ्यांनाच. ती कॅन्सरमध्ये बदलत नाही. दिसायला नको वाटली किंवा शर्टाच्या बाहीत अडकत असली तर काढतात, नाहीतर राहू देतात. कातडीतली गाठ, जिच्यावर मधोमध काळा ठिपका दिसतो, ती सिस्ट. ती फोडायची नाही, पिळायची नाही, पिळली की पिकते आणि मग खरंच डॉक्टर लागतो. मनगटावरची गोल गाठ म्हणजे गँगलियन, आत पाण्यासारखा घट्ट द्रव असतो, बऱ्याच वेळा आपोआप जाते. तरुण मुलींच्या स्तनात बोटाखालून निसटणारी गाठ बऱ्याचदा फायब्रोअ‍ॅडेनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) निघते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नाही. काखेतले केस काढल्यावर येणारी दुखरी पुटकुळी, काखमांजरी, चामखीळ, ह्यांच्याबद्दल वेगळं लिहित बसत नाही.

पायरी ३: हे चक्र चालतं कसं

मनात विचार येतो, "वाढली तर नसेल?" छातीत धस्स होतं. हात जातो. दाबलं, "नाही, तेवढीच आहे", जरा बरं वाटतं. आणि ह्या बरं वाटण्यातच गोम आहे, कारण मेंदू शिकतो की बरं वाटायचं असेल तर तपासायचं, मग पुढच्या वेळी शंका आणखी लवकर येते. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये सॅल्कोव्हस्किस आणि वॉरविक ह्या दोन संशोधकांनी हे नीट मांडलं, की सतत तपासणं आणि सतत "काही नाही ना?" विचारणं ह्यानेच भीती टिकून राहते. तेव्हापासूनचे बहुतेक उपचार ह्याच पायावर उभे आहेत.

आपल्याकडे देवळात प्रसाद लावतात बघा, म्हणजे देवाला कौल मागतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, नमस्कार करून उठायचं. पुजाऱ्याला कोणी असं म्हणत नाही की भटजी, उजवी पडली खरी पण वारा असेल, परत एकदा लावा, आता संध्याकाळी परत लावा, उद्या मंगेशीला जाऊन लावू. म्हटलं तर तो हाकलून देईल. आपण डॉक्टरांच्या रिपोर्टशी नेमकं हेच करतो, आणि शंभर वेळा लावल्यावर कधीतरी एखादी पाकळी डावी पडणारच ना, ती मात्र आयुष्यभर लक्षात राहते.

शिवाय दाबण्याचा शारीरिक परिणामही असतो. नोड किंवा सिस्ट दिवसभर चिमटीत धरून दाबली की ती दुखते, आजूबाजूला सूज येते, लाल होते. मग "दुखायला लागली, म्हणजे काहीतरी बदललं!" बदललंय, तुमच्या बोटांनी बदललंय. आठवडाभर हात न लावता बघा, त्यातलं बरंच दुखणं जातं.

आणि लक्ष. शरीराच्या कुठल्याही जागी दहा मिनिटं लक्ष लावून बसा, तिथे काहीतरी जाणवायला लागेल, मुंग्या, ठसठस, खेच. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे ना, पुढे कोसळणाऱ्या बाईवर हात पसरलेला, त्याच्यासमोर पर्यटक फोटो काढतात आणि पुढे जातात. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये लोकांना सांगत होता की संमोहनात करणाऱ्याच्या अंगातून कुठलाही चुंबकीय द्रव वगैरे निघत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनातून, त्याच्या अपेक्षेतून घडतं. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मला तिथून जाताना दरवेळी वाटतं की आपल्या लोकांना हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

पायरी ४: हात आवरणं

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिले काही दिवस काहीच बदलू नका, फक्त मोजा. फोनमध्ये नोट काढा आणि हात गेला की एक रेघ. कुठे होतात, काय करत होतात, तेवढंच. बहुतेकांना आकडा बघून धक्का बसतो, कारण अर्ध्या वेळा हात गेलेला कळतच नाही. माझा जायचा कदंब बसमध्ये. फोंड्याहून पणजीला येताना खिडकीला डोकं टेकलं की डाव्या हाताचं मधलं बोट जबड्याखाली, आणि बाणस्तारीपासून रायबंदरपर्यंत ती नोड गोल गोल फिरवत बसायचं, शेजारच्या बाईला वाटत असेल हिची दाढ दुखते.

मग उशीर करायला शिका. "बघायचंच नाही" असा नियम पहिल्याच दिवशी केला तर संध्याकाळपर्यंत मोडतो आणि वर स्वतःला शिव्या. त्यापेक्षा, हात लावावासा वाटला की "दहा मिनिटांनी लावेन" म्हणा. खरंच घड्याळ लावा. दहा मिनिटांत भीती वर चढते, तिथे थोडी थांबते आणि कोणी काही न करता उतरायला लागते, हे स्वतः अनुभवायला हवं, वाचून पटत नाही. दहा मिनिटांनीही वाटलं तर आणखी दहा. काही दिवसांनी अर्धा तास, मग संध्याकाळपर्यंत, मग रविवारपर्यंत.

शेवटी जिथे पोचायचं ते म्हणजे डॉक्टरांनी जेवढं सांगितलंय तेवढंच बघणं. त्यांनी "महिन्यातून एकदा बघा" म्हटलं असेल तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, आंघोळीच्या वेळी, मिनिटभर. काहीच म्हटलं नसेल तर बघायचंच नाही.

चोरवाटा बंद करा, त्या आपण फार हुशारीने काढतो. बोटाने नाही तर खांद्याने दाबून बघणं. मान वळवून ताण येतो का बघणं. गाठीचा फोटो काढून मागच्या महिन्याच्या फोटोशी जुळवणं, त्यात उजेड वेगळा, कोन वेगळा, म्हणजे गाठ नेहमीच मोठी. पट्टीने मोजणं. पुन्हा पुन्हा गिळून बघणं, हे तर फारच वाईट, कारण सारखं गिळलं की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायलाच लागतं. फोटो डिलीट करा, पट्टी पोरांच्या कंपासमध्ये परत ठेवा.

हातांना दुसरं काम द्या म्हणतात, ते थोडं उपयोगी पडतं. बसमध्ये पिशवी दोन्ही हातांत धरा, टीव्हीसमोर लसूण सोलायला घ्या. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका, लसूण संपतो.

पायरी ५: गूगल, व्हॉट्सअ‍ॅप आणि घरची माणसं

गूगलबद्दल एवढंच, की "मानेत गाठ" टाकलं की साध्या नोडची माहिती आणि कॅन्सरची माहिती एकाच पानावर, शेजारी शेजारी येते, आणि तुमचे डोळे कशावर थांबणार ते तुम्हालाही माहीत आहे. एआयला विचारणं हेही त्यातच आलं, तो न थकता उत्तर देतो म्हणून उलट जास्त धोक्याचा. डॉक्टरांच्या कागदावरचे दोन शब्द समजून घ्यायला एकदा वाचलं तर हरकत नाही, लक्षणं टाकून शोधणं बंद.

घरची माणसं हा अवघड भाग. गोव्यात प्रत्येकाच्या घराण्यात कोणीतरी बांबोळीला कामाला असतंच, चुलत बहीण नर्स, भावजयीचा भाऊ लॅब टेक्निशियन, आणि रात्री दहाला त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो जातो. बिचारी "काही नाही गो, नॉर्मल आहे" असं लिहितात. ते वाचून दोन तास झोप लागते. मग परवा दुसरा फोटो. ह्याने त्यांचाही जीव नकोसा होतो आणि तुमचाही फायदा शून्य.

घरच्यांना एकदा दिवसाढवळ्या, भीती नसताना, बसवून सांगा की मी विचारलं तरी उत्तर देऊ नका. नेमकं काय बोलायचं तेही ठरवून द्या, कारण नुसतं गप्प बसलेला नवरा म्हणजे "ह्यांना काहीतरी माहीत आहे आणि लपवतायत" असं आपलं डोकं म्हणतं. आमच्याकडे असं चालतं:

"अहो, बघा ना जरा, इथे, कालच्यापेक्षा मोठी नाही वाटत?"

"तुला आता भीती वाटतेय, होय ना? मी हात लावणार नाही, आपलं ठरलंय. चल, पेज गरम आहे, बस माझ्याजवळ."

सुरुवातीला राग येतो, येऊ दे. "काही नाही गं, उगाच" हे जास्त प्रेमळ वाटतं पण ती दुसऱ्या दिवशीची उधारी असते. घरच्यांसाठी एक सूचना: चेष्टा नको, "तुझं परत सुरू झालं?" नको, आणि तिने एखाद्या संध्याकाळी विचारलंच नाही तर ते तुमच्या लक्षात आलंय एवढं तिला सांगा.

पायरी ६: जे टाळताय तिकडे थोडं थोडं जा

काही जण तपासत राहतात आणि काही जण उलट सगळंच टाळतात, बरेच दोन्ही करतात. पेपर उघडला की श्रद्धांजलीचं पान आधी उलटायचं, किंवा आधी तेच वाचायचं, "अल्पशा आजाराने" लिहिलंय का, वय किती. बांबोळीचा चढ आला की मान दुसरीकडे. आजारी नातेवाईकाला भेटायला जायचं नाही, कॅन्सर हा शब्द तोंडातून काढायचा नाही, "तो मोठा आजार" म्हणायचं.

एक यादी करा, सगळ्यात कमी भीतीचं खाली, सगळ्यात जास्त वर. मग खालून सुरुवात. पेपरचं ते पान समोर ठेवून चहा प्यायचा, वयं न मोजता. तो शब्द कागदावर लिहायचा. गोमेकॉच्या कँटीनमध्ये जाऊन चहा घेऊन यायचा, ओपीडीत न जाता. प्रत्येक गोष्ट भीती कमी वाटेपर्यंत परत परत करायची आणि मगच वरची घ्यायची. करताना मनात "मला काही होणार नाही" असा जप नको, तो जप म्हणजेही तपासणीच. त्याऐवजी "होईल, न होईल, मला आत्ता माहीत नाही, आणि कोणालाच नसतं" एवढं म्हणून चहा संपवायचा. कुठलाही डॉक्टर शंभर टक्के खात्री देऊ शकत नाही, नव्व्याण्णवपर्यंत देतो, तो उरलेला एक टक्का आपल्या शेजाऱ्याच्याही वाट्याला आहे आणि तो त्याच्यासकट कार्निव्हलला जाऊन नाचून येतो.

पायरी ७: एकट्याने जमत नसेल तर

सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ हेच चाललं असेल, कामात लक्ष लागत नसेल, झोप गेली असेल, तर मानसोपचाराची मदत घ्या. ह्याला पूर्वी हायपोकॉन्ड्रिया म्हणायचे, २०१३ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीतून ते नाव काढून मुख्यतः आजाराच्या चिंतेचा विकार असं नाव आलं. नाव काहीही असो, त्यावर सगळ्यात चांगला चालतो तो सीबीटी नावाचा बोलण्याचा उपचार, ज्यात वरच्या पायऱ्याच कोणीतरी तुमच्यासोबत बसून करून घेतं. इंग्लंडमध्ये मेडिकल ओपीडीतल्या चारशेहून जास्त पेशंटवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये लान्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात पाच ते दहा सेशनचा फायदा दोन वर्षांनीही टिकलेला दिसला. औषधंही असतात, डॉक्टर बहुतेक एसएसआरआय गटातली (चिंता आणि डिप्रेशनवरची) देतात, त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते, म्हणून आठव्या दिवशी "सूट होत नाही" म्हणून स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

कुठे जायचं? बांबोळीलाच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, सरकारी, ओपीडी चालते. तिथे जायला लोक लाजतात, गावात कोणी बघेल म्हणून, तर बघू दे, बघणारा तिथे काय करत होता? "टेलि मानस" ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, वेगवेगळ्या भारतीय भाषांत बोलता येतं. आपल्या गोव्यात 'संगत' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करतेय, आणि इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ट्रेनिंग दिलेल्या साध्या सल्लागारांनी चिंता आणि डिप्रेशनच्या पेशंटना मदत केली तर फरक पडतो का ह्याचा अभ्यास इथे झाला, २०१० मध्ये तोही लान्सेटमध्ये आला, आणि सरकारी केंद्रांत फरक पडलेला दिसला. सांगायचं कारण, मदत म्हणजे मुंबईचा मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. फक्त जीव द्यावासा वाटण्यापर्यंत विचार गेले असतील तर वाट बघू नका, त्याच क्षणी १४४१६ लावा किंवा कोणाला तरी घेऊन थेट इस्पितळात जा.

घाडी (गाऱ्हाणं घालणारा गावचा मांत्रिक), झाडपाला, लेप ह्याबद्दल विचारतात म्हणून: गाऱ्हाणं घाला, मनाला बरं वाटत असेल तर काही बिघडत नाही. गाठीवर लेप मात्र लावू नका, कातडी भाजते आणि मग डॉक्टरांना मूळ गाठ नीट कळत नाही.

पायरी ८: नवीन गाठ सापडली तर

सापडणार. आयुष्यभरात कुणालाही चार-दोन सापडतात आणि आपली बोटं तर तयारीची. म्हणून नियम आधीच, भीती नसताना, लिहून ठेवा. पहिल्या पायरीत ज्या लवकर दाखवायच्या म्हटल्या त्यातली असेल (स्तन, वृषण, हासळीच्या वर, टणक, न हलणारी, भराभर वाढणारी, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा खोल, ताप-घामासोबतची) तर अपॉइंटमेंट घ्या आणि अपॉइंटमेंटपर्यंत परत चाचपू नका. बाकी कुठलीही असेल तर कॅलेंडरवर आजची तारीख आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहा. मधे आठवड्यातून एकदाच बघायचं. तीन आठवड्यांनी गेली तर गेली, तशीच असेल किंवा वाढली असेल तर दाखवायचं, आणि दाखवायचं म्हणजे नेहमीच्या एकाच डॉक्टरांना, तीन वेगळ्या क्लिनिकमध्ये नाही.

मागे जाणंही होईल. घरात कोणाचं निदान झालं, ओळखीतलं कोणी गेलं, चतुर्थीच्या धावपळीत झोप झाली नाही, की हात परत सुरू होतात. त्याला "सगळं वाया गेलं" म्हणायचं कारण नाही. परत रेघा मारायला लागा, परत दहा मिनिटांच्या उशिरापासून सुरू करा, ह्या वेळी वर चढायला कमी दिवस लागतात. आणि डॉक्टरांनी वर्षाने बोलावलं असेल तर वर्षानेच जा, भीती वाटते म्हणून आठव्या महिन्यात नको आणि बरं वाटतंय म्हणून चुकवायचंही नाही.